प्लास्टर पातळ नव्हतं

अंजनाच्या तळहाताला एक गोष्ट माहीत होती. प्लास्टर पाण्यात कालवून मापात, म्हणजे तोंडाच्या ठशात, ओतलं की आधी ते थंडगार असतं, विहिरीतून नुकत्याच काढलेल्या दगडासारखं. मग दहा-बारा मिनिटांत त्याला आतून ऊब येते. कोणी चूल पेटवत नाही, कोणी फुंकर घालत नाही, तरी येते, वाढते आणि हळूहळू निवून जाते. त्या उबेवर हात ठेवून अंजना डोळे मिटायची. तिला वाटायचं, ज्याच्या तोंडाचं हे माप, तो माणूस तेवढा वेळ आपल्या हातात येऊन बसतो आणि निवलं की आपल्या गावी निघून जातो.

जऊळक्याहून मालेगावकडे निघालं की सोयाबीनच्या वावरांमध्ये एक पांढरी इमारत दिसते. ते जैन ट्रस्टचं दंत महाविद्यालय. दारातच संस्थापक सुगनचंद शेठजींचा फोटो, त्याला रोज ताजा हार. मेसमध्ये कांदा नाही, बटाटा नाही, पाणी उकळून गाळलेलं, आणि दिवस मावळला की चूल बंद. पोरं मग मागच्या कुंपणातून रस्त्यावरच्या गाड्यावर आलुबोंडे खायला जात, आणि हे सगळ्यांना ठाऊक असूनही कोणालाच ठाऊक नव्हतं. वर्षाचे आठ दिवस, पर्युषणात, तिथं दात उपटत नसत. फारच कोणाचा गाल सुजला तर गोष्ट वेगळी, एरवी रक्त काढायचं नाही. आठ दिवस संपले की दुसऱ्या सकाळी मोठ्या हॉलमध्ये सगळे जमायचे. डीनपासून झाडूवाल्यापर्यंत जो तो एकमेकांपुढं हात जोडायचा. वर्षभरात कळत-नकळत दुखावलं असेल तर माफी, मिच्छामि दुक्कडम.

अंजना त्या हॉलमध्ये मागं भिंतीला टेकून उभी राहायची. ती जऊळक्याच्या बौद्ध वस्तीतली, दहावी नापास, नवरा गेल्यावर बापाजवळ येऊन राहिलेली. कॉलेजात लागली ती फरशी पुसायला. प्लास्टर कालवायला ती बघून बघून शिकली, आणि सहा वर्षांत अशी शिकली की मास्तरलोक नव्या पोरांना सांगायचे, जा, अंजनामावशीला विचारा. पण हॉलमध्ये तिनं कधी हात जोडले नाहीत.

"सगळ्यायनं सगळ्यायले एकदमच माफी मांगली का कोणीच कोणाले मांगत नाई," ती म्हणायची. "ज्याचं चुकलं त्यानं नाव घेऊन सांगावं. मंग पाहू."

प्लास्टरच्या खोलीत भिंतभर फळ्या होत्या आणि फळ्यांवर पांढरी तोंडं, लोकांच्या जबड्यांचे प्लास्टरचे साचे. मेडशीचं, केनवडचं, कुठल्या कुठल्या गावाचं. दुपारी पश्चिमेच्या खिडकीतून ऊन आलं की हवेतली भुकटी चमकायची, आणि अंजनाला ती तोंडं हलताना दिसायची. एक तुरीचा दाणा चावतंय, एक सुनेला बोलतंय, एक नुसतंच हसतंय. प्रत्येक साच्याच्या बुडाला ती खिळ्यानं नाव आणि तारीख कोरायची. हे तिला कोणी सांगितलेलं नव्हतं. बिनानावाचं तोंड तिला सहन व्हायचं नाही, एवढंच.

तर त्या साली पर्युषणात, पोळा होऊन दोन दिवस झाले होते, तेव्हा रुचा धावत खोलीत आली. रुचा शेठजींची नात, शेवटच्या वर्षाला. अर्धे मास्तर गावी गेलेले, सगळा विभाग रिकामा. तिच्या हातात ओल्या रुमालात गुंडाळलेलं माप होतं.

"मावशी, दादीचं आहे. नीट ओता हं. कोणाला सांगू नका सध्या, सरप्राइज आहे."

दादी म्हणजे कंचनबाई, शेठजींच्या पत्नी, ट्रस्टमध्ये ज्यांच्या शब्दाच्या पुढं कोणी जात नाही. तोंडात एकही दात उरला नव्हता. अंजनानं माप ओतलं, बुडाला नाव कोरलं, तारीख कोरली. दोन दिवसांनी पक्कं माप आलं, तेही ओतलं. त्याच्यावर कवळी घडली. पक्का साचा कवळी घडताना फुटतो, तसा फुटला. पहिला फळीवर राहिला.

पंधरा-सोळा दिवसांनी मालेगावात तपस्वी मंडळींचा सत्कार होता. कंचनबाईंनी त्या वर्षी अठ्ठाई केली होती, म्हणजे आठ दिवस निव्वळ उकळलेल्या पाण्यावर. नवे दात घालून त्या स्टेजवर बसल्या. चार शब्द बोलायला उठल्या, दोन बोलल्या, आणि मग चेहरा आवळला. सगळ्या गावासमोर दोन्ही कवळ्या काढून त्यांनी रुमालात बांधल्या आणि खाली बसल्या. हिरड्या सोलून निघाल्या होत्या.

शेठजींच्या कॉलेजात शेठजींच्या बायकोचे दात बिघडले. आता कोणाचं तरी चुकायलाच पाहिजे होतं. नात चुकू शकत नाही. मोठे सर, म्हणजे विभागाचे प्रमुख, तेही चुकू शकत नाहीत. फाईल पाहिली, सह्या बरोबर होत्या. मग सर म्हणाले, "प्लास्टर पातळ कालवलं गेलं. साचा बदलला."

"पातळ?" अंजना म्हणाली. "सहा वर्सांत माह्या एका साच्यात बुडबुडा दाखवा."

"अंजनाबाई, आवाज खाली."

"आवाज खालीच हाय. तुमीच वर बसले हा."

ती पुढंही काही बोलली. ते इथं लिहिण्यासारखं नाही, पण खोटं नव्हतं. सरांनी प्लास्टरच्या खोलीची किल्ली मागून घेतली आणि तिला खाली हॉलमध्ये चिठ्ठ्या द्यायला बसवलं. निघताना तिनं फळीवरचा तो पहिला साचा ओढणीत गुंडाळला आणि घरी नेला. चोरी म्हणा, नाहीतर काही म्हणा. तिचं नाव ज्याच्यापायी गेलं, ती वस्तू ती तिथं ठेवणार नव्हती.

मग दिवाळी गेली, थंडी आली. सकाळी वावरांवर धुकं असायचं आणि इमारत त्यात तरंगायची, खालचा मजला नाहीच, नुसत्या वरच्या खिडक्या. एसटीतून माणसं उतरून धुक्यातून चालत यायची, गालाला हात लावून. अंजना त्यांना चिठ्ठी द्यायची. दुपारी गर्दी सरली की डोळे अर्धे मिटायची, आणि तिला वरच्या खोलीतली ती फळी दिसायची. तोंडं आता हलत नव्हती. त्यांच्यावर धूळ बसली होती आणि ती वाट पाहत होती, कोणी येतं का. तिच्या तळहाताला मधूनच ऊब यायची, काहीही हातात नसताना. जागी व्हायची तर समोर कोणी म्हातारा उभा.

"बाई, माहा लंबर कवा येईन?"

"येईन बाप्पा, बसा. दात काई पयून नाई जात."

तिच्या जागी वर एक नवा मुलगा आला होता. त्याचे साचे ठिसूळ निघत होते. अंजनाला ऐकू यायचं आणि बरंही वाटायचं. मग बरं वाटलं म्हणून स्वतःचाच राग यायचा.

माघात एके दिवशी रुचा तिच्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. विद्यापीठाची परीक्षा तोंडावर आलेली. परीक्षेला प्रत्येकानं आपला पेशंट आणायचा असतो, एकही दात नसलेला आणि वेळेवर येईल असा. दादीची केस गेलेली, रुचाला पेशंट मिळत नव्हता.

"मावशी, तुमच्या ओळखीत कोणी आहे?"

अंजनानं तिच्याकडं पाहिलं. या पोरीनं त्या दिवशी सरांसमोर तोंड उघडलं नव्हतं. मान खाली घालून फरशी बघत होती. नाही म्हणायला एक शब्द पुरला असता. पण घरी बाप होता. देवमन, रेल्वेतून रिटायर झालेला गँगमन, वस्तीच्या विहारात रोज संध्याकाळी वंदना घेणारा. दात गेल्यापासून त्याच्या जिभेवर 'सरणं'चा स टिकत नव्हता. पोरं मागं फिदीफिदी हसायची. तो रागवायचा नाही, पण हल्ली वंदना हळू आवाजात म्हणायला लागला होता.

"माहा बाप हाय," ती म्हणाली. "पण प्लास्टर मी सांगीन तसंच. नाईतर दुसरं तोंड पाह्य."

खोलीत जायची तिला मनाई होती. म्हणून रुचा आत कालवायची आणि अंजना उंबऱ्याच्या बाहेर उभी राहून सांगायची. पाण्यात भुकटी सोड, भुकटीत पाणी नको. घाई नको. वाटी आपट, हवा निघू दे. आता हात ठेव.

"काय होतंय?"

"गरम लागतंय, मावशी."

"हां. माहा बाप आला तुह्या हातात. पाडू नको."

देवमनची कवळी अशी बसली, जशी काही उगवली होती. परीक्षेच्या दिवशी बाहेरगावचे परीक्षक त्याच्या तोंडात बोट घालून ओढून पाहू लागले, निघेना.

"काही त्रास, बाबा?"

"हाय थोडासाक. ह्या पोरीले सकायपासून बसू नाई देल्लं तुमी."

रुचा पास झाली, इंटर्न झाली. देवमन संध्याकाळी विहारात मोठ्यानं म्हणू लागला आणि स असा वाजायचा की हसणाऱ्या पोरांचीच मान खाली जायची. अंजना मात्र खालीच, चिठ्ठ्यांच्या टेबलाशी.

आषाढी पौर्णिमेला वर्षावास सुरू होतो. देवमन तेव्हापासून दर पौर्णिमेला अष्टशील घ्यायचा, उपोसथ धरायचा. दुपारच्या आधी एकदा जेवायचं, मग दुसऱ्या दिवसापर्यंत काही नाही. नियमात पाण्याला बंदी नाही, पण देवमन हट्टी, तो पाणीही टाळायचा. त्या संध्याकाळी तो विहारातून लवकर आला आणि ओट्यावर बसून कवळी काढून हातात घेतली.

"काय झालं बाबा?"

"ढिली झाली वं अंजे. सकाऊन पक्की होती. आता बोलतो तं टकटक वाजून राह्यली."

"कायले?"

"मले काय मालूम. पोटात नाई काई, तोंड कोरडं पडलं, तं हिरड्याबी खाली बसल्या असतीन."

दुसऱ्या दिवशी जेवला, पाणी प्याला, कवळी पुन्हा पक्की. पुढच्या पौर्णिमेला पुन्हा ढिली. अंजना त्या दिवशी ओट्यावर बसून राहिली. बाहेर ढगाळ उजेड होता, ना सकाळ ना संध्याकाळ. भरल्या पोटाच्या तोंडाचं माप उपाशी तोंडाला ढिलं पडतं. मग उपाशी तोंडाचं माप भरल्या पोटी काय करेल? आवळेल. सोलून काढेल.

ती उठली. पेटीतून ओढणी काढली, गाठ सोडली. साच्याच्या बुडाला तिच्याच हातानं कोरलेलं होतं, कंचनबाई, आणि खाली तारीख. पोळ्यानंतरचा दुसरा दिवस. म्हणजे अठ्ठाईचा सहावा.

रुचाला तिनं जिन्यात गाठलं.

"तुह्या फाईलीत मापाची तारीख कोणती हाय?"

रुचा जिन्यावरच बसली. "पारण्यानंतरची लिहिली. दादीला सत्कारात दात हवे होते, फोटोत गाल बसलेले दिसतात म्हणाली. मी म्हटलं, गिळायचं नाही, नुसतं माप आहे. पण मापाच्या त्या मसाल्याला पुदिन्याची चव असते मावशी. दादी माप काढल्यावर रडली. म्हणाली, जिभेला गोड लागलं. उपास मोडला की काय. कोणाला सांगू नको म्हणून शपथ घातली."

"आन मले?"

"तेव्हा मला खरंच वाटलं की प्लास्टरच असेल."

"आन आता?"

रुचानं मान वर केली नाही.

"फरशी लय पाह्यतं तू," अंजना म्हणाली आणि खाली उतरली.

तिला ओरडता आलं असतं. हॉलमध्ये उभं राहून साचा सगळ्यांच्या समोर आपटता आला असता, आणि तिचा स्वभाव पाहता तिनं तो आपटला नाही याचं तिलाच नवल वाटलं. पण साचा फुटला असता तर उरलं काय असतं? ती थांबली. पोळा आला, पर्युषण लागलं. कंचनबाईंनी या वर्षीही अठ्ठाई धरली.

सहाव्या दिवशी दुपारी अंजना मालेगावला त्यांच्या घरी गेली. सून दारातूनच परत पाठवायला निघाली होती, पण आतून आवाज आला, "येऊ दे."

कंचनबाई पांढऱ्या साडीत गादीवर टेकून बसल्या होत्या. सहा दिवसांच्या उपासानं अंग कागदासारखं झालेलं. पडदा हलत होता आणि त्यांच्या चेहऱ्यावरून ऊन-सावली जात-येत होती. अंजनानं ओढणी सोडून साचा त्यांच्या समोर ठेवला. वरचं तोंड, बुडाची तारीख.

कंचनबाईंनी चष्मा लावला. बराच वेळ वाचलं. तारीख वाचायला एवढा वेळ लागत नाही.

"ते दात फेकले का तुमी?" अंजनानं विचारलं.

"नाई. रुमालात हाएत, तशेच."

"घालून पाहा. धुतलेले असतीन तं काई तोंडात जात नाई."

म्हातारीनं कपाटाकडं बोट केलं. अंजनानं डबी आणून दिली. कंचनबाईंनी पाठ फिरवली, कारण इतकी लाज त्यांना शिल्लक होती, आणि दोन्ही कवळ्या घातल्या. परत वळल्या तेव्हा गाल भरले होते. त्यांनी जबडा मिटला, उघडला. काही दुखलं नाही. वर्षभर रुमालात पडलेले दात अगदी जागेवर बसले. त्यांनी हळू आवाजात नवकार मंत्र म्हणून पाहिला आणि एकही अक्षर अडखळलं नाही.

"बसले," त्या म्हणाल्या. डोळ्यातून पाणी आलं, ते त्यांनी पुसलं नाही. "मले मालूम होतं. पयल्याच दिवशी मालूम होतं."

"मंग एक वर्स काहून गप राह्यल्या?"

"तू नाई समजशीन. आठ दिवसाचं तप आहे. लोक पाया पडले माह्या. मी कोणत्या तोंडानं सांगू का सहाव्या दिवशी जिभेनं चाखलं म्हून?"

"याच तोंडानं," अंजना म्हणाली. "आता बसून राह्यलं नं बराबर. माहा बापबी उपोसथ धरते. त्याचं तोंड वाळलं तवा मले समजलं. तुमचं तप गेलं का राह्यलं ते तुमचे महाराज सांगतीन. माहं नाव गेलं, ते मले मालूम हाय."

ती साचा तिथंच ठेवून निघाली. एसटीत बसल्यावर तिचा तळहात गरम झाला होता आणि मेडशीपर्यंत निवला नाही. जऊळका राहिलं उलट्या बाजूला, ती कोणत्या गाडीत बसली होती हेच तिनं पाहिलं नव्हतं. मेडशीच्या स्टँडवर उतरून ती परतीच्या गाडीची वाट पाहत बसली, आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदा ती स्वतःवरच हसली.

पर्युषण संपलं. दुसऱ्या दिवशी सकाळी हॉल भरला. अंजना भिंतीला टेकून होती. डीन बोलले, मोठे सर बोलले, कळत-नकळत वगैरे झालं. हात जोडायची वेळ आली, तेवढ्यात दारात गाडी थांबली. रुचाच्या खांद्यावर हात ठेवून कंचनबाई आत आल्या. लोक उठून उभे राहिले. कोणीतरी म्हणालं, बाईंनी पारणं नाही केलं अजून, मुगाचं पाणी घरी झाकून ठेवलंय.

नववा दिवस उजाडला होता आणि त्या अजून उपाशी होत्या. दात तोंडात होते. अंजना एकटीच समजली, का ते. पोटात मुगाचं पाणी गेलं असतं, तोंड ओलावलं असतं, तर हे दात बोलू देणार नव्हते.

"मागच्या वर्षी," कंचनबाई म्हणाल्या, आणि आवाज मागच्या भिंतीपर्यंत स्वच्छ गेला, "अठ्ठाईच्या सहाव्या दिवशी मी तोंडात माप घेतलं. आठव्या दिवशी आणखी एकदा. फोटोत चांगलं दिसावं म्हून. ते लपवलं. नातीकडून खोटी तारीख लिहून घेतली. माह्या त्या तपाचं काय झालं, ते मी महाराजसाहेबांले विचारीन, ते देतीन ते प्रायश्चित्त घेईन. पण ही अंजना देवमन. हिचं प्लास्टर पातळ नव्हतं. ते ठीक होतं. चूक माही होती."

रुचा या वेळी फरशी पाहत नव्हती. रडत होती, पण समोर पाहत होती. कंचनबाई चालत भिंतीपर्यंत आल्या. चालताना त्या थोड्या हलत होत्या, पाण्यातल्या सावलीसारख्या. त्यांनी हात जोडले.

"अंजना, मिच्छामि दुक्कडम."

अंजनानं त्यांचे जोडलेले हात आपल्या दोन्ही हातांत धरले. थंड होते. तिनं ते धरून ठेवले, जसं ती साचा धरायची, आणि थोड्या वेळानं त्यांना ऊब आली.

"जा बाई, आता जेवा," ती म्हणाली. मग त्यांच्या खांद्यावरून मोठ्या सरांकडं पाहिलं. "सर, किल्ली कोणापाशी हाय?"

सरांनी खिसे चाचपले. किल्ली त्या नव्या मुलाकडं निघाली. तो स्वतःच पुढं आला, आणि सुटका झाल्यासारखी त्यानं ती तिच्या हातात टाकली.

वर खोलीत जुन्या फळ्यांवर वर्षभराची धूळ होती. अंजनानं खिडकी उघडली. फडकं ओलं केलं आणि फळीवरची तोंडं एकेक करून पुसली, मेडशीचं, केनवडचं. ऊन आत आलं. कोण आधी हललं ते तिला कळलं नाही.

महिन्याभरानं कंचनबाई नव्या मापासाठी आल्या, घरून पोटभर जेवून. रुचानं माप घेतलं आणि जिन्यावरून हळू चालत वर आणलं. अंजनानं पाण्यात भुकटी सोडली, वाटी आपटली, हवा काढली, ओतलं. खिळ्यानं कंचनबाई असं कोरलं, खाली तारीख कोरली, आणि तारखेखाली पहिल्यांदाच आणखी एक शब्द कोरला, जेवून.

मग साच्यावर तळहात ठेवला आणि डोळे मिटले.